चौघांची शिडाची बोट

मंडळी, अध्यक्ष म्हणाले, मोठ्या जहाजांचं नको, छोट्या बोटीचं सांगा. तर सांगतो.

कॅरिबियनमधली ग्रेनडीन्स बेटं उत्तर-दक्षिण ओळीत आहेत. व्यापारी वारे पूर्वेकडून, त्यामुळे शिडांना वारा बाजूने मिळतो. आम्ही चौघं टोबॅगो केजला निघालो होतो. तिथे पाणी निळं तर खोल, तपकिरी तर प्रवाळाचा खडक. पण हे ओळखायला ऊन डोक्यावर हवं. मेरो बेटापाशी ढग आले, समुद्र सगळा करडा. टाकीत गोडं पाणी दोन दिवसांचं. (टँकरवरून भांडणाऱ्यांनी ऐकावं!) "काका, घुसू या," तरुण गडी म्हणाला. कप्तानबाईंनी सरळ नांगर टाकायला लावला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात, मी पुढच्या टोकावरून हाताने वाट दाखवत, आत शिरलो. मग निम्म्या खाऱ्या पाण्यात भात शिजवला.