एका कलमाचा माग

युरोपीय संघाचा पर्यावरण कायदा एका ग्रंथात बांधलेला सापडत नाही. संघाचे मूळ करार, संघाने केलेले कायदे, त्यांवर बेतलेले सदस्य देशांचे कायदे आणि न्यायालयांचे निकाल अशा चार थरांत तो पसरलेला आहे. म्हणून या विषयात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला संपूर्ण कायदा कवेत घेण्यापेक्षा एकच कलम निवडून या चारही थरांतून त्याचा माग काढणे अधिक फलदायी ठरते.

सर्वांत वर करार येतात. १९५७ च्या रोम करारात पर्यावरणाला स्वतंत्र स्थान नव्हते. ते मिळाले १९८७ साली अमलात आलेल्या ‘सिंगल युरोपियन अ‍ॅक्ट’मुळे. सध्याच्या करारातील कलम १९१ मध्ये चार तत्त्वे आहेत : धोका पुरता सिद्ध होण्याआधीच सावधगिरी बाळगावी, हानी घडण्यापूर्वी टाळावी, प्रदूषण उगमापाशी रोखावे आणि त्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा.

त्याखाली संघाचे कायदे. त्यांचे मुख्य प्रकार दोन. ‘रेग्युलेशन’ सर्व सदस्य देशांत जसेच्या तसे लागू होते. ‘डिरेक्टिव्ह’ उद्दिष्ट ठरवून देते आणि ते गाठण्याचा मार्ग देशांवर सोपवते. हवा, पाणी आणि वन्यजीव यांविषयीचे अनेक महत्त्वाचे नियम डिरेक्टिव्हच्या रूपात आहेत. त्यामुळे संघाचा मजकूर आणि त्या त्या देशाचा कायदा शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. ‘युर-लेक्स’ या संकेतस्थळावर संघाचे कायदे आणि निकाल विनामूल्य मिळतात. तेथे प्रत्येक दस्तऐवजाला ‘सेलेक्स’ क्रमांक असतो. तो ३ ने सुरू झाला तर कायदा, ६ ने सुरू झाला तर न्यायालयाचा दस्तऐवज, हे लगेच कळते.

१९९२ च्या हॅबिटॅट्स डिरेक्टिव्हमधील कलम ६, परिच्छेद ३ हे अशा अभ्यासाचे उत्तम उदाहरण. संरक्षित क्षेत्रावर लक्षणीय परिणाम करू शकणाऱ्या योजनेचे किंवा प्रकल्पाचे आधी मूल्यमापन करावे आणि क्षेत्राला बाधा येणार नाही याची खात्री पटल्यावरच परवानगी द्यावी, असे ते सांगते. पण खात्री म्हणजे किती? याचा खुलासा कलमात नाही. तो निकालांत शोधावा लागतो.

नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात कॉकल जातीचे शिंपले यंत्राने काढण्याचे परवाने दरवर्षी दिले जात. निसर्गसंरक्षण संस्थांनी त्यांना आव्हान दिले आणि प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे गेला. ७ सप्टेंबर २००४ च्या निकालाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. काम वर्षानुवर्षे चालत आलेले असले, तरी दरवर्षी मूल्यमापन करून दिला जाणारा परवाना हा स्वतंत्र प्रकल्प मानता येतो. आणि बाधा होणार नाही याविषयी शास्त्रीयदृष्ट्या वाजवी शंका उरली नाही, तरच परवानगी देता येते. करारातील सावधगिरीचे तत्त्व असे परवान्याच्या अटीपर्यंत उतरले.

याच कलमाने पुढे नेदरलँड्समध्ये मोठी उलथापालथ घडवली. पशुपालन, वाहने आणि उद्योग यांतून सुटणारा नायट्रोजन संरक्षित क्षेत्रांत साचत होता. २०१५ च्या सरकारी कार्यक्रमाने भविष्यात अपेक्षित असलेली घट आधीच जमेस धरून नवे परवाने देण्याची सोय केली. परवाना देताना ज्या लाभाची निश्चिती नाही तो हिशेबात धरता येत नाही, असे युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगितले. २९ मे २०१९ रोजी नेदरलँड्सच्या राज्य परिषदेने तो कार्यक्रम परवान्यांचा आधार म्हणून अमान्य केला. बांधकामे अडली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले आणि मार्च २०२० पासून महामार्गांवरील दिवसाची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर झाली.

निकालांपलीकडची सामग्री मिळवण्याचा मार्गही कायद्यातच आहे. १९९८ च्या आर्हूस कराराला अनुसरून २००३ साली झालेल्या डिरेक्टिव्हनुसार कोणीही सरकारी यंत्रणेकडे पर्यावरणविषयक माहिती मागू शकतो. कारण द्यावे लागत नाही. उत्तराची मुदत साधारणतः एक महिना आणि गुंतागुंतीच्या प्रकरणी दोन महिने आहे. काही अपवाद वगळता मूल्यमापनाचे अहवाल आणि मोजमापांची आकडेवारी विद्यार्थ्याला अशा अर्जाने मागवता येते.

भाषेची अडचण मात्र राहते. संघाचे कायदे २४ अधिकृत भाषांत आहेत. देशांतर्गत निकाल आणि परवाने बहुतांशी त्या त्या देशाच्या भाषेत. म्हणून तुलनेसाठी देश निवडताना तेथील भाषा येते का, हे आधी पाहावे लागते. प्रश्नही बेताचा हवा. ‘युरोपातील निसर्गसंरक्षण’ हा विषय एका प्रबंधात मावत नाही. ‘नायट्रोजनच्या परवान्यांत दोन देशांच्या न्यायालयांनी शास्त्रीय शंकेची कसोटी कशी लावली’ हा मावतो. त्याचे उत्तर कलम, निकाल आणि परवाना या तिन्हींच्या आधारे तपासून पाहता येते.