एका संगणकात दोन बिऱ्हाडे

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली घालून घेण्याची चाल शिक्षक मंडळींना परिचयाची असेल. यंत्र सुरू केले की पडद्यावर यादी येते. हवी ती निवडायची. लिनक्सला पैसे पडत नाहीत आणि विंडोजवरची जुनी कामेही अडत नाहीत. सोय चांगली आहे. प्रश्न आहे तो कुलपाचा.

समजा, मुख्याध्यापकांनी मुलांचे गुण, पालकांचे पत्ते विंडोजमध्ये ठेवले आणि चांगला अवघड पासवर्ड घातला. आता कोणी तेच यंत्र लिनक्समध्ये सुरू केले, तर त्याला विंडोजचा पासवर्ड कोण विचारणार? कोणीच नाही! पासवर्ड विचारणारा पहारेकरी हा विंडोजचा नोकर. विंडोज निजले की तोही निजला. लिनक्सला विंडोजच्या फायली वाचता येतात, आणि बहुधा बदलताही येतात. तसे पाहिले तर पेनड्राइव्हवर लिनक्स आणूनही हे करता येते. दोन बिऱ्हाडांच्या यंत्रात मात्र हे मागचे दार कायमचेच बसवलेले असते.

यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे हार्ड डिस्कवरचा मजकूर कूटरूपात ठेवणे. विंडोजच्या काही आवृत्त्यांत त्यासाठी बिटलॉकर आहे. लिनक्समध्ये लक्स आहे आणि ते लिनक्स बसवतानाच निवडलेले बरे. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून कपाटात ठेवा, त्याच संगणकात नको. यंत्र सुरू होण्याच्या व्यवस्थेत फेरफार झाला की बिटलॉकर ती मागू शकतो, आणि ती हरवली तर मजकूर मालकालाही मिळत नाही. शिवाय कुलपाने चोराला वाचता येत नाही, पण जाळपोळ थांबत नाही. दुसऱ्या बाजूने तो सारा भाग पुसून टाकता येतोच. म्हणून महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर हवी.

सिक्युअर बूट नावाचा आणखी एक पहारा असतो. यंत्र सुरू करणारा प्रोग्राम ओळखीचा आहे की नाही, हे तो पाहतो. लिनक्स बसवताना पुष्कळजण तो सरसकट बंद करतात. उबुंटूसारख्या लिनक्सला त्याची गरज नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेमुळे दोन प्रणालींच्या काही यंत्रांवर लिनक्स सुरूच होईना, तेव्हा तात्पुरता इलाज म्हणून हा पहारा बंद करण्याची वेळ आली. असा इलाज करावा लागलाच, तर काम होताच तो पुन्हा चालू करावा.

आणि जी बाजू आपण सहा महिन्यांतून एकदा उघडतो, तिच्यात तेवढ्या महिन्यांच्या दुरुस्त्या राहिलेल्या असतात. तिथे शिरलेला विषाणू दुसऱ्या बाजूच्या उघड्या फायलींनाही हात लावू शकतो. तेव्हा ती उघडली की आधी दुरुस्त्या घ्याव्यात, मग काम. विंडोज १० च्या नियमित मोफत दुरुस्त्या तर १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. एखाद्या जुन्या कामासाठी ती ठेवलीच असेल, तर त्या बाजूला इंटरनेट जोडू नका.