म्हातारपणाचे सोने आणि वाटेतली घट
(जामखेड येथील मेळाव्यात केलेले भाषण)



रुपयाची आणि सोन्याची सांगड कशी असावी, याचा विचार बाबासाहेबांनी 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात केला. आमचा आजचा प्रश्न घरगुती आहे. म्हातारपणासाठी सोने घेतले, तर वाटेत त्यातले किती झिजते?

आपल्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडणीला कोयते निघतात. या कष्टकऱ्याला पेन्शन नाही. हंगाम बरा गेला तर घरात एखादा डागिना होतो, तोच पुढचा आधार. आमच्या आईची बोरमाळ अशीच झालेली. ऑपरेशनच्या वेळी ती मोडायला नेली, तेव्हा सराफाने मण्यांतली लाख वजनातून वजा केली, वर घट धरली. घेताना ती लाख सोन्याच्या भावाने मोजली होती काय? सांगणारी पावतीच आमच्याकडे नव्हती. आई नुसती काट्याकडे बघत राहिली.

हिशेबाला सोपे म्हणून एक लाखाचे सोने धरू. मजुरी 12 टक्के, म्हणजे 12,000. दोन्हींवर 3 टक्के जीएसटी, 3,360. खिशातून गेले 1,15,360. दुसऱ्याच दिवशी मोडले आणि 3 टक्के घट धरली, तर हाती 97,000. म्हणजे भाव सुमारे 19 टक्के चढेल तेव्हा आपण होतो तिथे येणार! नाणे किंवा वळे घेतले तर मजुरी पुष्कळ कमी, जीएसटी मात्र तोच.

शिकलेली मुले म्हणतात, कागदी सोने घ्या. गोल्ड ईटीएफ आपल्याकडे 2007 पासून आहे. त्यात मजुरी नाही, पण फंड दरवर्षी आपला खर्च कापतो. हा खर्च वर्षाला 1 टक्का असेल तर वीस वर्षांत शंभर ग्रॅमचे जेमतेम 82 ग्रॅम उरतात. अर्धा टक्का असेल तर 90. एकदाच जाणारी मजुरी डोळ्यांत खुपते, वर्षाचा टक्का दिसतच नाही. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

ठरावीक रकमेचे शुल्क तर गरिबालाच जड. लॉकरचे भाडे दीड हजार धरले, तर लाखाच्या सोन्यावर ते दीड टक्का झाले, दहा लाखांवर नगण्य. डीमॅट खात्याचेही तसेच. मात्र एकच खाते असलेल्याला 'बेसिक सर्व्हिसेस' खाते मागता येते. सप्टेंबर 2024 पासून चार लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीवर त्याला वार्षिक शुल्क नाही. मागितल्याशिवाय हे कुणी सांगत नाही, हा आमचा अनुभव.

सर्वांत स्वस्त होते सरकारी सुवर्ण रोखे. 2015 साली आले, मजुरी नाही, जीएसटी नाही, उलट वर्षाला अडीच टक्के व्याज. फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघाले नाहीत. आपल्या वस्तीपर्यंत ती माहिती पोचेतो खिडकी बंद झाली होती.

अमेरिकेत निवृत्तीच्या खात्यात सोने ठेवता येते. तिथेही खाते सांभाळणारा, तिजोरीवाला आणि विक्रेता, तिघेही आपापला वाटा घेतात. तेव्हा दुकान असो वा बँक, आधी तीन आकडे लिहून मागा: घेताना किती, दरसाल किती, मोडताना किती.

ज्यांनी आज घरची पावती आणली आहे, त्यांनी पुढे यावे. हिशेब इथेच मांडू. जयभीम.