दुकानातला साठा आणि यंत्राचा हिशेब



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. परंतु आपल्यापैकी कित्येकींच्या घरी दुकान आहे, कुणाचा मसाल्यांचा, कुणाचा पापडांचा धंदा आहे. तेव्हा आमच्या किराणा दुकानातला साठा यंत्रावर ठेवू लागल्यापासून काय फरक पडला ते सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला.

मामंजींच्या वेळी सारा साठा त्यांच्या डोक्यात असे. कोणत्या फळीवर काय आणि किती, हे ते डोळे मिटून सांगत. पण तेव्हा वाण ते किती! आज एका साबणाचेच दहा प्रकार, आणि प्रत्येकाची चार मापे. मग तूरडाळ संपली हे गिऱ्हाईक दारात उभे राहिल्यावर कळे, आणि मागच्या फळीवर मुदत उलटलेली बिस्किटे सापडत. फळीवर पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसाच की!

पुड्यावरच्या काळ्या रेघा आपण रोज पाहतो. त्या यंत्राने वाचून दुकानात पहिली विक्री झाली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावी. आणि विकले काय, तर च्युइंगमचे पाकीट! आपल्याकडच्या पुष्कळ पुड्यांवर आकडा ८९० ने सुरू होतो. त्याचा अर्थ माल भारतातच बनला असा नव्हे. तो क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला, एवढाच.

माल आला की बिलाप्रमाणे यंत्रात चढवायचा. विकताना रेघा यंत्रासमोर धरल्या की तेवढा आपोआप वजा होतो. माल कधी मागवायचा हेही यंत्र सांगते, पण हिशेब आपणच घालून द्यावा लागतो. समजा, एका चहाचे रोज ५ पुडे खपतात आणि मागणी दिल्यापासून माल यायला ४ दिवस लागतात. म्हणजे २० हवेत, वर १० हाताशी. साठा ३० वर आला की यंत्र सूचना देते. मुदतीची तारीख मात्र साध्या रेघांत नसते. ती माल चढवताना हाताने घालावी लागते, आणि तिथे आळस केला तर यंत्र बिचारे काय करणार?

आता मला खरे सांगायचे ते. चहाचे पुडे कमी भरू लागले, तेव्हा भावजींचा संशय दुकानातल्या मुलावर गेला. वीस वर्षांचा पोरगा, घर त्याच्याच पगारावर चाललेले. भावजी म्हणाले, काढून टाका. मी म्हटले, आधी मोजू. पूर्वी मोजूनही उपयोग नव्हता, कारण किती असायला हवेत हेच कुणाला ठाऊक नसे. आता यंत्रात आकडा होता. दर शनिवारी रात्री पुडे मोजून ताडून पाहिले. दोन आठवडे बरोबर जुळले. तिसऱ्या आठवड्यात एका ठोक व्यापाऱ्याचा टेंपो आला, आणि त्याच शनिवारी दोन पुडे कमी! पुढच्या खेपेस टेंपोवाल्यासमोरच खोके फोडले. बिलात २४, आत २२. भावजी काही बोलले नाहीत, पण त्या दिवाळीला त्या मुलाला कपडे त्यांनीच आणले.

सुट्या मालाचे मात्र जपून. गूळ पाझरतो, गोणीतून थोडे सांडते, उंदीर आहेतच. त्यामुळे यंत्रातला आकडा आणि गोणीतले वजन महिन्याकाठी ताडावेच लागते. विकताना एखादा पुडा यंत्रासमोर धरायचा राहिला, तरी आकडा चुकतो. शिवाय हिशेबाची दुसरी प्रत रोज काढून ठेवावी. यंत्र बिघडले तर सारे एकदम जाते. उधारीची वही आमच्या ह्यांनी अजून सोडलेली नाही, आणि मीही आग्रह धरलेला नाही.

ज्यांना हे पाहायचे असेल त्यांनी दुपारी दोननंतर यावे, तेव्हा गर्दी नसते. तो मुलगाच सगळे दाखवील. बिलाच्या कागदाची गुंडाळी यंत्रात कशी घालायची, हे मला अजून त्यालाच विचारावे लागते.