शांततेच्या कामात स्त्रीचा वाटा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेची ऋणी आहे. मुलींच्या शिक्षणावर बोला, असे चिटणीससाहेबांनी सुचविले होते. मी त्यांना म्हटले, त्याच विषयावर बोलेन, पण थोड्या लांबच्या वाटेने येईन.

मी सव्वीस वर्षे शाळेत शिकविले. गावात दंगाधोपा झाला, संचारबंदी लागली, की शाळा बंद होई. आठ-दहा दिवसांनी ती उघडे. मुलगे परत येत. मुलींची काही बाके मात्र रिकामीच राहत. एका हुशार मुलीच्या घरी मी स्वतः गेले होते. वडील सज्जन गृहस्थ. म्हणाले, "बाई, जरा वातावरण निवळू द्या." वातावरण महिन्याभरात निवळले. मुलीचे लग्न त्याआधीच ठरले होते. वडिलांचा हेतू वाईट नव्हता. मुलीची काळजी म्हणूनच त्यांनी तसे केले. त्याच सुमारास पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. आपल्या मोहल्ल्यातून पाच जण गेले, पाचही पुरुष. संकट आले की स्त्रीला आत ठेवायचे आणि संकट कसे टाळावे हे पुरुषांनी ठरवायचे, ही रीत आपल्याला इतकी सवयीची आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आता लांबची वाट. पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा एक लहान देश आहे. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी १८४७ साली तेथे आपले प्रजासत्ताक जाहीर केले. वस्तीत ख्रिस्ती अधिक, मुसलमान थोडे. डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलर यांच्या बंडाने तेथे यादवी सुरू झाली. १९९७ साली टेलर निवडणुकीने अध्यक्ष झाले, पण दोन वर्षांत नव्या बंडखोरांनी पुन्हा शस्त्रे उचलली. दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसे मेली असे मानले जाते. आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. स्त्रियांवर जे अत्याचार झाले ते या मुलांपुढे सांगण्याजोगे नाहीत.

लेमा बोवी या तेथील एक समाजसेविका. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. पुढे मुले सांभाळून त्यांनी शिक्षण घेतले आणि युद्धात होरपळलेल्यांना मानसिक आधार देण्याचे काम पत्करले. २००२ च्या सुमारास त्यांनी चर्चमधील स्त्रियांना शांततेसाठी एकत्र आणण्यास प्रारंभ केला. अशाच एका सभेत असातू बाह केनेथ उभ्या राहिल्या. या बाई पोलीस खात्यात होत्या आणि त्या सभेत एकट्याच मुसलमान होत्या. आपण मुस्लिम भगिनींनाही या कामात आणू, असे त्यांनी सांगितले आणि तसे करून दाखविले.

हे सोपे गेले असे समजू नका. मुसलमान बायकांबरोबर बसलो तर आपला धर्म पातळ होईल, अशी शंका काही ख्रिस्ती बायकांनी काढली. तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला गेला की बंदुकीची गोळी ख्रिस्ती कोण आणि मुसलमान कोण हे ओळखते काय? मग शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मशिदीपाशी, शनिवारी बाजारात आणि रविवारी चर्चपाशी जाऊन या स्त्रिया पत्रके वाटू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे काढली. बंडखोरांच्या मुख्य संघटनेत मंडिंगो या मुस्लिम जमातीचे लोक बरेच होते, आणि टेलर चर्चला जाणारे. म्हणून ख्रिस्ती स्त्रियांनी पाद्री मंडळींना गाठायचे आणि मुस्लिम स्त्रियांनी इमामसाहेबांना, अशी कामाची वाटणी झाली. मला स्वतःला यातील ही हुशारी फार आवडते. आपापल्या घरातला जो दरवाजा आपल्याला उघडतो, तोच त्यांनी ठोठावला.

एप्रिल २००३ मध्ये राजधानी मन्रोव्हियातील मासळी बाजाराजवळच्या मैदानात या स्त्रिया बसू लागल्या. साधा पांढरा वेश, डोक्याला पांढरा रुमाल, अंगावर दागिना नाही. अध्यक्षांच्या मोटारी त्याच रस्त्याने जात. उन्हात बसल्या, पावसात बसल्या. अखेर २३ एप्रिल रोजी टेलर यांना त्यांचे निवेदन ऐकून घ्यावे लागले. त्यानंतर बंडखोरांच्या पुढाऱ्यांशीही बोलणे केले. जूनमध्ये घाना देशात वाटाघाटी सुरू झाल्या.

पण पुढारी मंडळी चांगल्या हॉटेलात राहून आठवडेच्या आठवडे खात्यांची वाटणी करीत बसली, आणि इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. २१ जुलै रोजी या स्त्रियांनी सभागृहाचे दरवाजे अडविले. हातात हात गुंफून त्या जमिनीवर बसल्या. करार होईपर्यंत कोणी बाहेर पडायचे नाही! पहारेकरी अटक करण्यास आले तेव्हा लेमाबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडण्यास सुरुवात केली. हा भाग या व्यासपीठावरून सांगावा की नाही, याचा मी विचार केला. त्या मुलखात आईच्या वयाच्या स्त्रीने पुरुषांपुढे वस्त्र टाकणे हा त्या पुरुषांना मोठा शाप समजतात. पहारेकरी मागे हटले. वाटाघाटींचे मध्यस्थ, नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुस्सलामी अबुबकर, बाहेर आले. त्यांनी स्त्रियांचे म्हणणे ऐकले आणि बाहेर निसटू पाहणाऱ्या पुढाऱ्यांना आत पिटाळले. ११ ऑगस्टला टेलर यांनी पद सोडले आणि १८ ऑगस्ट २००३ रोजी करारावर सह्या झाल्या.

यात बाहेरचे दडपणही होते, हे खरे. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या फौजा आल्या होत्या आणि टेलर यांच्यावर सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयात आरोपपत्र होते. एकट्या स्त्रियांनी युद्ध थांबविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण करार झाल्यावर या बायका घरी गेल्या नाहीत. ही गोष्ट मला दरवाजा अडविण्यापेक्षा मोठी वाटते. त्यांनी तो करार कलमवार वाचला, सोप्या भाषेत मांडला, कोणी काय करायचे कबूल केले आहे ते लिहून काढले. शस्त्रे खाली ठेवण्याचे काम डिसेंबरात गडबडले, तेव्हा भडकलेल्या पोरांना समजविण्यास त्याच गेल्या. २००५ च्या निवडणुकीत घरोघर फिरून स्त्रियांची नावे यादीत घातली. एलन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या, आफ्रिकेतील पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष. २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना, लेमाबाईंना आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना मिळून देण्यात आले. पुढच्याच वर्षी लेमाबाईंनी सरलीफ सरकारवर उघड टीका करून सलोखा समितीचे अध्यक्षपद सोडले. खुशामतीसाठी त्या मैदानात बसल्याच नव्हत्या.

मैदानात बसण्यास शिक्षण लागत नाही. तेथे बाजारात भाजी-मासळी विकणाऱ्या कितीतरी अशिक्षित बाया होत्या आणि त्यांच्याविना काही झाले नसते. पण करारातील कलम वाचण्यास, हिशेब ठेवण्यास, साहेबापुढे निवेदन मांडण्यास कोणीतरी शिकलेली बाई लागतेच. ती युद्ध सुरू झाल्यावर तयार करता येत नाही. गडबड झाली म्हणून जिचे नाव आपण शाळेतून काढतो, तीच ती मुलगी!

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर २००० मध्येच १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना स्थान द्यावे असे सांगितले होते. आक्राच्या दालनात तरीही त्यांना बाहेरच बसावे लागले. म्हणून कोणी बोलावील याची वाट पाहू नका. पुढच्या सणापूर्वी शांतता समितीचे बोलावणे येईल, तेव्हा जाणाऱ्या पाच जणांत दोन भगिनी असाव्यात, अशी माझी जमातीच्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. आणि शाळा बंद पडली तर ती उघडेल त्या दिवशी मुलीला स्वतः सोडायला या. रस्ता धोक्याचा वाटत असेल तर चार पालक मिळून या.

मुलींनो, एक राहिले. जानेवारी २००७ मध्ये आपल्या देशाच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक स्त्रिया संयुक्त राष्ट्रांच्या वतीने मन्रोव्हियात पहाऱ्याला गेल्या. केवळ स्त्रियांची अशी ती पहिली तुकडी. २०१६ पर्यंत एकीमागून एक तुकड्या तेथे जात राहिल्या. मी आफ्रिकेचा नकाशा बरोबर आणला आहे. बक्षीस समारंभ आटोपला की पुढे या, लायबेरिया कोठे आहे ते तुमच्यापैकी कोण आधी दाखविते ते पाहू.