इमारतीतील अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी : कंपनी कशी निवडावी?

(पांढुर्णा व सौंसर परिसरातील सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हा विषय माझ्याकडे आला तेव्हा मी थोडा बिचकलो. मी कलाशाखेचा पदवीधर. सूक्ष्मदर्शकाशी माझा संबंध शाळेतच संपला. परंतु ज्या इमारतीत आपण बसतो, जिच्यात आपली मुले शिकतात, तिच्या छपराविषयी कोणाला विचारावे आणि त्याच्या सांगण्यावर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. तो ठराव करणाऱ्या पंचायतीचा आणि बिलावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचाही आहे.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून त्यात आले. नवा जिल्हा म्हटला की नवी कार्यालये आली आणि ती बसविण्यासाठी जुन्या इमारतींची डागडुजी आली. कोठे भिंत पाडावयाची, कोठे छप्पर बदलावयाचे. आपल्याकडे पूर्वी कवेलूची छपरे होती. कवेलू दरवर्षी फेरावे लागत, वानरे ते विस्कटून टाकीत, म्हणून लोकांनी सिमेंटचे पत्रे घातले. शाळेची पडवी, सोसायटीचे गोदाम, संत्र्यांच्या पेट्या ठेवण्याची शेड, जिनिंगचा कारखाना, कोठेही मान वर करून पाहा, करड्या रंगाचा नालीदार पत्रा दिसेल. आपल्याच राज्यात, कटनी जिल्ह्यातील कैमूर येथे, १९३० च्या दशकापासून असे पत्रे तयार होऊ लागले. ते स्वस्त, गंज न लागणारे आणि टिकाऊ, म्हणून घरोघरी गेले. त्यांत लोकांची काही चूक नव्हती.

अ‍ॅस्बेस्टॉस हा खडकच आहे. सौंसरच्या मंडळींना खडकांची ओळख करून देण्याची गरज नाही. मँगनीज ज्यांत सापडते त्या येथील खडकांना भूगर्भशास्त्रात ‘सौंसर समूह’ हेच नाव आहे. मात्र अ‍ॅस्बेस्टॉसचा दगड कापसासारखा पिंजला जातो. त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होतात, आगीत जळत नाहीत आणि श्वासावाटे फुप्फुसात गेले की तेथेच रुतून राहतात. त्यांपासून अ‍ॅस्बेस्टॉसिस हा फुप्फुसाचा रोग, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. आज धूळ नाकात गेली आणि उद्या खोकला आला, असे येथे होत नाही. रोग दिसू लागेपर्यंत दहा, वीस, कधी चाळीस वर्षे जातात. तोपर्यंत पत्रा कोणी फोडला आणि कोणाच्या सांगण्यावरून फोडला, हे कोणाच्याच स्मरणात राहत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. छपरावर धड अवस्थेत असलेला सिमेंटचा पत्रा म्हणजे डोक्यावर टांगलेली तलवार नव्हे. त्यात सामान्यतः आठ ते दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असते. तो कापला, छिद्र पाडले, हातोड्याने फोडला, शेवाळ काढण्यासाठी कोरडा घासला किंवा गारपिटीत त्याचे तुकडे झाले, म्हणजे तंतू सुटतात. त्यामुळे तपासणीची खरी निकड दुरुस्तीच्या वा पाडकामाच्या आधी असते. आपल्याकडे क्रम नेमका उलटा होतो. आधी मजूर छपरावर चढतात, तोंडाला गमछासुद्धा नसतो, पत्रे वरून खाली टाकले जातात, तुकडे गोठ्याच्या आडोशाला किंवा रस्त्यातील खड्डा बुजवावयास जातात आणि मग कोणीतरी विचारतो की, “यात ते अ‍ॅस्बेस्टॉस तर नव्हते?”

आता कंपनी निवडण्याच्या मूळ विषयाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथील गोदामाचे छप्पर बदलावयाचे ठरले. प्रदर्शनाचे जुने फलक आम्ही तेथे ठेवीत असू. तीन दरपत्रके मागविली आणि नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराच्या कंपनीला काम दिले. तिचा माणूस आला, अंगणात उभा राहून त्याने वर पाहिले, चार छायाचित्रे काढली, चहा घेतला आणि गेला. तिसऱ्या दिवशी सुबक बांधणीचा अहवाल आला. सर्व छप्पर अ‍ॅस्बेस्टॉसचे आहे, ते तातडीने काढावे, आणि सोबत ते काढून नवे छप्पर घालण्याचे त्याच कंपनीचे अंदाजपत्रक! मी तर प्रभावित झालो होतो. आमच्या लेखापालांनी मात्र अहवाल वाचला. त्यात ‘दुमजली इमारत’ असा उल्लेख होता. आमचे गोदाम एकमजली. दुसऱ्या कोणाच्या तरी अहवालातील पाने आमच्या नावाने बांधली गेली होती.

पुढे दुसऱ्या कंपनीकडून रीतसर तपासणी झाली. छपराचा जवळजवळ निम्मा भाग अलीकडे बदललेला होता आणि त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस नव्हतेच. आता सेल्युलोज व कृत्रिम धागे घातलेले पत्रेही मिळतात आणि ते दिसावयास तसेच असतात. उलट, जुन्या मेनस्विचच्या मागे एक करडी फळी होती, जिच्याकडे पहिल्या माणसाने ढुंकूनही पाहिले नव्हते. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस निघाले. त्या फळीत वायरमनने कितीदा ड्रिल चालविले असेल, याचा हिशेब कोणाजवळ आहे?

म्हणून पहिली गोष्ट अशी की, तपासणारा आणि काढणारा एक नसावा. ज्याचे पोट छप्पर बदलण्यावर चालते त्यालाच छप्पर बदलावे काय असे विचारणे, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. म्हण कडक आहे; सर्वच कंत्राटदार तसे नसतात. पण प्रामाणिक माणसालाही मोहात टाकू नये. तपासणाऱ्या कंपनीकडून, ‘या इमारतीतील काढण्याचे व नव्या छपराचे काम आम्ही किंवा आमची भागीदार संस्था घेणार नाही’, असे लेखी घ्यावे.

सांगणाऱ्याचा हितसंबंध ओळखणे किती अवघड असते, याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. फ्रान्सची ‘क्लेमेन्सो’ ही जुनी विमानवाहू नौका ३१ डिसेंबर २००५ रोजी तूलाँ बंदरातून गुजरातमधील अलंग येथे मोडीत काढण्यासाठी निघाली. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस किती? फ्रेंच सरकारच्या मते सुमारे ४५ टन. तिच्यातून आधी काही अ‍ॅस्बेस्टॉस काढलेली कंपनी म्हणे ५०० ते १,००० टन. एकच जहाज, आणि अंदाजात दहा-वीस पटींचा फरक! प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले, फ्रान्समध्येही न्यायालयीन लढा झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी नौका परत बोलाविली. शेवटी ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे मोडण्यात आली. दोन सरकारे आणि त्यांचे तज्ज्ञ जेथे गोंधळले, तेथे आपल्या ग्रामपंचायतीने निदान चार प्रश्न विचारावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

ब्रिटनमध्ये अशा तपासणी संस्थांना मान्यता देणारी यंत्रणा आहे आणि तपासणीही दोन प्रकारची मानली जाते. वापरातील इमारतीत कोठे काय आहे व ते कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहणारी एक. दुरुस्ती वा पाडकामापूर्वी भिंती, छत, फरशी उकलून आतपर्यंत पाहणारी दुसरी. आपल्याकडे इमारतींतील अ‍ॅस्बेस्टॉस शोधणाऱ्यांसाठी तसा वेगळा परवाना नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे चौकशीचा भार तुमच्या-आमच्यावर पडतो. कार्यादेशात कोणत्या प्रकारची तपासणी हवी हे स्पष्ट लिहावे. ‘अ‍ॅस्बेस्टॉस तपासणी करणे’ एवढ्या तीन शब्दांवर काम दिले, तर अंगणातून वर पाहणेही त्यात बसते!

आपल्या देशात प्रयोगशाळांना मान्यता देणारे ‘एनएबीएल’ नावाचे मंडळ आहे. कंपनी म्हणेल, “आमची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे.” तेवढ्याने थांबू नये. मान्यतेच्या प्रमाणपत्रासोबत कोणकोणत्या परीक्षणांसाठी ती मान्यता आहे याची यादी असते. ती मागून घ्यावी. पाण्याच्या परीक्षणाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेने पत्र्यावर मत दिले, तर त्या मताला मान्यतेचा आधार राहत नाही. पत्र्याचा तुकडा, दोरी, फळी यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे काय, हे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ठरवितात. हवेतील तंतू मोजण्याची पद्धत वेगळी असते आणि तिच्यात नेहमी वापरला जाणारा सूक्ष्मदर्शक अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू व दुसरा तंतू यांत भेदही करू शकत नाही. काही कंपन्या खोलीत पंप ठेवून हवा तपासतात आणि ‘तंतू आढळले नाहीत, इमारत सुरक्षित’ असे लिहून देतात. त्या दिवशी हवेत तंतू नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. उद्या सुतार छताला छिद्र पाडील, त्याचे काय?

नमुना कसा घेणार, हेही विचारावे. जाणकार माणूस जागा ओली करतो, नाण्याएवढा तुकडा अलगद काढतो, दुहेरी पिशवीत बंद करून क्रमांक घालतो, कापलेली कड लिंपून टाकतो आणि खालची जमीन ओल्या फडक्याने पुसतो. स्वतः योग्य प्रतीचा मुखपट्टा बांधतो. हातोडी मारून तुकडा पाडणाऱ्यास तेथूनच नमस्कार करावा. एका छपरास एकच नमुना पुरत नाही. जितक्या वेळा पत्रे बदलले असतील तितक्या भागांतून नमुने हवेत. येथे गावकऱ्यांची स्मृती कामास येते. कोणत्या वादळात कोणते पत्रे उडाले आणि नवे केव्हा आले, हे शाळेच्या जुन्या शिपायाइतके कोणाला ठाऊक असणार? त्यास सोबत द्यावे.

अहवालात इमारतीचा आराखडा, प्रत्येक नमुन्याची जागा, छायाचित्र, मालाची अवस्था व परिमाण हवे. परंतु मी सर्वांत आधी ‘न पाहिलेल्या जागा’ शोधतो. कुलूप होते, शिडी पोहोचली नाही, छत उघडता आले नाही, असे प्रत्येक इमारतीत काहीतरी असतेच. ज्या अहवालात अशी एकही नोंद नाही, तो लिहिणारा एक तर फार भाग्यवान, नाही तर फार घाईत. आणि न पाहिलेल्या जागेत अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे. पन्हळी, पावसाचे पाणी उतरविणारे पाइप, पाण्याची टाकी, बॉयलरभोवतीची दोरी व लेप ही सारी ठिकाणे यादीत हवीत. जिनिंगच्या जुन्या कारखान्यांत शेवटच्या दोहोंकडे विशेष पाहावे, कारण लेपातील तंतू सिमेंटसारखा घट्ट बसलेला नसतो.

न्यूनतम दराचा नियम मला मान्य आहे. सार्वजनिक पैसा आहे. मात्र दर कशाचा, हे आधी ठरवावे. नमुन्यांची किमान संख्या, प्रयोगशाळेची पात्रता व तपासणीचा प्रकार निविदेतच लिहिला, म्हणजे सारखी तुलना होते. नाही तर छायाचित्रे काढणाराच नेहमी स्वस्त ठरेल.

कायद्याविषयी थोडक्यात. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर आपल्या देशात बंदी नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये व युरोपीय संघाने २००५ पासून ती घातली. केरळ राज्य मानवाधिकार आयोगाने २००९ मध्ये शाळांची अशी छपरे टप्प्याटप्प्याने बदलण्याची शिफारस केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निर्णयात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. तो आदेश कारखान्यांसाठी आहे, पण मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेचा तपासणी अहवाल दाखल-खारीज रजिस्टराइतक्याच काळजीने कपाटात ठेवावा असे मला वाटते. पुढील मुख्याध्यापकास तो सापडला पाहिजे आणि छपराला हात लावण्यापूर्वी मिस्त्रीस तो दाखविला गेला पाहिजे.

सभेपूर्वी एका शिक्षिकेने मला विचारले की, “आमच्या वर्गाचा एक पत्रा गारांनी फुटला आहे, कंपनी ठरेपर्यंत आम्ही काय करावे?” ताई, त्या वर्गातील मुलांना दुसऱ्या खोलीत किंवा झाडाखाली बसवा. खोलीला कुलूप घाला. कोरडा झाडू मुळीच लावू नका आणि कोणास लावूही देऊ नका. मुलांना तुकडे उचलावयास सांगू नका. आपल्याकडे ती सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. तारीख घालून जनपद पंचायतीकडे लेखी कळवा आणि पोच घ्या.