लावली किती, जगली किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येतं. गुडघाभर चिखलात उभी असलेली हसरी मंडळी, हातात कांदळाची रोपं, आणि खाली मजकूर : आज इतकी हजार रोपं लावली. अशा एका छायाचित्रात मीही आहे. त्या रोपांचं पुढं काय झालं हे मात्र कुठंच छापून आलं नाही. ते आज मी आपल्याला सांगणार आहे.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. दहा-अकरा वर्षांपूर्वी जवळच्याच एका खाडीकाठच्या गावात एका योजनेतून कांदळवनाची लागवड झाली, आणि जगलेली रोपं मोजण्याचं काम माझ्याकडे आलं.

कांदळवन म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी. तिवर, चिप्पी, कांदळ, मारांडी ही त्यातली आपल्याकडची ओळखीची नावं. या झाडांनी खाऱ्या पाण्यात जगण्याच्या नाना युक्त्या शोधल्या आहेत. तिवराची मुळं श्वास घेण्यासाठी पेन्सिलीसारखी चिखलाबाहेर डोकावतात. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं खाली लोंबत राहतं. ही शेंग तोडायची आणि चिखलात खोचायची, की झाली लागवड. इतकं सोपं असल्यामुळेच जिथं मोकळा चिखल दिसेल तिथं कांदळ खोचण्याचा मोह सगळ्यांना होतो. आम्हालाही झाला.

पाऊस संपल्यावर मी पहिली मोजणी केली. दहांतली आठ रोपं हिरवी होती. मी खुशीत अहवाल लिहिला आणि गावातल्या शाळेत सभा घेतली. भिंतीवर चित्रं दाखवली, आलेख दाखवले. कार्बन, जैवविविधता, हवामानबदल, सगळं सांगून झालं. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का?’ म्हटलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागं बसलेल्या, सारा गाव जिला काकी म्हणतो त्या म्हातारीनं विचारलं, “बाई, तुमी झाडां मोजलात. आमचे खुबे कोण मोजतलो?”

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही रोपं लावली होती तो मोकळा चिखल आमच्या लेखी रिकामा होता. गावातल्या बायकांच्या लेखी ते ओहोटीला खुबे आणि तिसऱ्या वेचण्याचं शेत होतं. आम्ही तिथं रोपांभोवती जाळी लावून त्यांची वाट अडवली होती, आणि हे मला सहा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी तिथं धड उभं राहिलेलं रोप शोधावं लागत होतं. खोडांना खडकावर असतात तसे कडक कवचाचे बार्नेकल चिकटले होते. त्यांच्या भारानं रोपं वाकली, मोडली, लाटांनी उपटून नेली. कागदावर मात्र ‘दहांत आठ’ हाच आकडा राहिला; कारण मोजणीची मुदत पहिल्या वर्षाअखेर संपली होती.

ही काही आमच्याच गावची गोष्ट नव्हे. फिलिपाइन्समध्ये दोन-तीन दशकं कांदळवनाच्या प्रचंड लागवडी झाल्या. ह्युर्गेन प्रिमावेरा या तिथल्या संशोधक बाईंनी आपल्या सहकाऱ्यासह २००८ साली त्याचा ताळेबंद मांडला, तेव्हा दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण अवघं १० ते २० टक्के भरलं. मुख्य कारणं दोन : झाडांची जात चुकली आणि जागा चुकली. जिथं कांदळवन कधीच नव्हतं अशा सखल चिखलात रोपं लावली गेली, कारण त्या जागेवर कुणाची मालकी नव्हती आणि कुणाचा विरोधही नव्हता.

मग योग्य जागा कोणती? रॉबिन लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञानं यावर आयुष्यभर काम केलं. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की झाडं लावण्याआधी पाण्याचा हिशेब करा. कांदळवनाची जमीन एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमी काळ पाण्याखाली असते. दिवसाच्या हिशेबानं सरासरी सात तास. त्याहून जास्त बुडाली तर रोप गुदमरतं. फ्लॉरिडातल्या वेस्ट लेक पार्क इथं त्यानं सुमारे ५०० हेक्टरांवर हे करून दाखवलं. जुने भराव काढले, भरतीच्या पाण्याला वाट दिली. कांदळाचं एकही रोप न लावता वन उभं राहिलं. बी पाण्याबरोबर आपसूक आलं.

आपल्या देशातही उदाहरण आहे. तमिळनाडूत पिचावरम इथं पूर्वी सरसकट तोड झाली. उघडी पडलेली जमीन खचून परातीसारखी झाली. भरतीचं पाणी त्यात साचे, उन्हानं आटे आणि मीठ वाढत जाई. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वनखातं आणि गावकरी यांनी मिळून तिथं माशाच्या काट्यासारखे चर खणले, पाणी खेळतं केलं आणि मग लागवड केली. १९८६ आणि २००२ सालची उपग्रहचित्रं ताडून पाहिली, तेव्हा तिथलं कांदळवन सुमारे ९० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं.

हे सगळं वाचून मी पुन्हा गावात गेले. या वेळी आलेख नेले नाहीत. काकीच्या पडवीत बसले आणि विचारलं, “खाडीत कुठं किती वेळ पाणी असतं?”

श्रोतेहो, कोकणात भरतीची वेळ काढायचं गणित अनेकांना तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत आत गेलं की थोडा उशीर धरायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. लुईसला जो हिशेब हवा होता, तो या बायकांच्या पायांना ठाऊक होता. कुठल्या दगडाला कोणत्या तिथीला पाणी लागतं हे त्या बघितल्याशिवाय सांगत. मी फक्त बांबूवर रंगाचे पट्टे मारून तो चिखलात रोवला आणि त्यांच्या सांगण्याची नोंद ठेवत गेले. दोन महिन्यांत कळलं, की आमची पहिली लागवड दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ पाण्याखाली होती.

जागाही त्यांनीच दाखवली. गावाच्या रस्त्यापलीकडं तिवराचा एक पट्टा उभाच वाळून गेला होता. रस्त्याखालची मोरी गाळानं बुजली होती. भरतीचं पाणी आत शिरत नव्हतं, पावसाचं बाहेर जात नव्हतं. म्हणजे आमचं छोटं पिचावरमच. रीतसर परवानग्या काढायला वर्ष गेलं. मग मोरी मोकळी केली, दोन चर काढले आणि वाट पाहिली. पहिल्याच पावसाळ्यानंतर चरांच्या काठानं तिवराची दोन-दोन पानांची पिल्लं उगवली.

आता मोजणी. दर दोन वर्षांनी भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल येतो. २०२३च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन सुमारे ३१५ चौरस किलोमीटर आहे. राज्याचं चित्र कळायला हा आकडा फार मोलाचा. पण या कामी वापरतात त्या उपग्रहचित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीची जागा. दोन पानांचं रोप त्यात दिसणं शक्य नाही. ते पाहायला चिखलातच उतरावं लागतं.

आम्ही दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असे पाच चौकोन दोरीनं आखले. मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा मोजायचं. नवी रोपं किती, जुनी जिवंत किती, मेली किती, उंची किती, पाण्याचा खारटपणा किती, खेकड्यांची बिळं किती. आणि काकीच्या हट्टापायी आणखी एक रकाना : एका ओहोटीला एका बाईनं वेचलेले खुबे, टोपलीच्या मापानं. हे आकडे आधी माझ्या वहीत न जाता होड्या लागतात तिथल्या भिंतीवर खडूनं लिहिले जात.

तिसऱ्या वर्षी भिंतीवर लिहायला नको वाटेल असा आकडा आला. उधाणाबरोबर आलेल्या फाटक्या जाळ्या आणि प्लॅस्टिक दोन चौकोनांवर पसरून राहिलं आणि त्याखाली बरीच रोपं मेली. माझ्या मनात आलं, यंदा सरासरीच लिहावी, म्हणजे इतकं वाईट दिसणार नाही. काकी म्हणाली, “लपवून ठेवल्यार मेली झाडां जिती होतत काय?” आकडा होता तसा लिहिला. आठवड्याभरात गावातल्या पोरांनी तो कचरा ओढून काढला. कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर वाचलं, एवढंच.

खरं सांगायचं, तर सगळंच सांगावं लागतं. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. त्यानंतर सभेत एकानं विचारलं, कांदळवन वादळ अडवील काय? ‘हो’ म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. मी सांगितलं ते असं. शंभर मीटर रुंदीचं कांदळवन लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतं, असं वेगवेगळ्या ठिकाणच्या मोजण्यांतून दिसलंय. आपला पट्टा अजून तेवढा रुंद नाही. आणि घराची कौलं उडवतो तो वारा काही झाडं लाटेसारखा थोपवणार नाहीत.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. बांध फुटलेल्या खाजणाच्या एका मालकानं विचारलं, “माज्या शेतात तिवर इली, तर जमीन माजी रवतली काय?” मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली कांदळवन तोडायला मनाई केली आणि २०१८च्या निकालात ती कायम ठेवली, जमीन कुणाचीही असो. भोवतालच्या पन्नास मीटरांतही बांधकाम करता येत नाही. मी म्हटलं, “मालकी तुमचीच, पण एकदा वन उभं राहिलं की तोडता येणार नाही. शेत करायचं असेल तर बांध आधी दुरुस्त करा.” कांदळवनाच्या कार्यकर्तीनं असं सांगावं, हे काही मित्रांना रुचलं नाही. पण त्या दिवसापासून तो माणूस मोजणीला येतो. आजवर चुकलेला नाही.

आणि खुबे? ते वाढले का? जुन्या लागवडीची जाळी आम्ही काढून टाकली, बायकांची वाट मोकळी झाली. टोपलीचं माप एखाद्या वर्षी वर जातं, एखाद्या वर्षी खाली येतं. कांदळवनामुळं ते वाढलं असं पाच चौकोनांवरून मी म्हणू शकत नाही, आणि तसं मी काकीला सांगितलंय. ती म्हणाली, “मगे मोजीत रवा.”

तेव्हा श्रोतेहो, यंदा पावसाळ्यात ते छायाचित्र पाहाल, तेव्हा रोपं किती लावली हे वाचून थांबू नका. तिसऱ्या वर्षी मोजायला कोण येणार आहे आणि तो आकडा गावातल्या कुठल्या भिंतीवर लिहिला जाणार आहे, तेवढं जरूर विचारा.